सतरा एकांचा भाजक

वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. या संख्येनं सतरा एकांना पूर्ण भाग जातो. सतरा एक म्हणजे एकापुढं एक असा सतरा वेळा फक्त एक लिहिला की जी संख्या तयार होते ती. भागाकार येतो पाचशे छत्तीस कोटी बत्तीस लाख बावीस हजार तीनशे सत्तावन्न. बाकी शून्य.

हे माझ्या एका मित्रानं पेन्सिलीनं, हातानं भागाकार करून शोधलं. त्याला सहा वर्षं लागली. मी गणिताचा शिक्षक. मी ते चाळीस मुलांसमोर चूक ठरवलं. चूक माझी होती आणि ती मला चार वर्षांनी कळली. त्यानंतर मित्र आणखी चार वर्षं जगला. मी त्याला सांगितलं नाही.

हा भाजक जगात आधीच कुणीतरी काढलेला होता आणि पुस्तकांत छापलेला होता, हे मला फार नंतर समजलं. त्यामुळं मित्राच्या नावावर एखादा शोध लागावा असा माझा आग्रह नाही. तो बरोबर होता, एवढंच नोंदवायचं आहे. आता मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. आणखी थांबलो तर ते तसंच राहील.

आम्ही दोघं एका गावचे, पन्हाळ्याच्या बाजूचे. शाळेत एका वर्गात होतो. आमचं घर शेतकरी मराठ्यांचं, त्याचं गावाच्या खालच्या अंगाला. आम्ही सातवीत असताना त्याची सगळी वस्ती बौद्ध झाली. दसऱ्याच्या सुट्टीनंतर तो वर्गात आला तो नेहमीची दाराजवळची जागा सोडून दुसऱ्या बाकावर बसला. गुरुजींनी बघितलं आणि हजेरी घेतली. गणितात तो माझ्या पुढं होता. मी पाटीवर उदाहरण उतरवून घेईपर्यंत त्याचं उत्तर तयार असायचं. मॅट्रिकनंतर मी कोल्हापूरला कॉलेजात आलो आणि तो जवळच्या साखर कारखान्यात कामाला लागला. पुढं वजनकाट्यावर कारकून झाला, शेवटपर्यंत तिथंच राहिला.

लहानपणी तो मला अरे-तुरे करायचा. मी शिक्षक झाल्यावर एका लग्नात, माझ्या मुख्याध्यापकांसमोर, त्यानं मला पहिल्यांदा 'सर' म्हटलं. मला ते त्याच वेळी थांबवता आलं असतं. बरं वाटलं म्हणून थांबवलं नाही. पुढं तो एकांतातही सर म्हणायला लागला आणि मी त्याला 'तू'च म्हणत राहिलो.

नव्वदच्या आसपास एका रविवारी तो माझ्याकडं आला. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मी बारावीच्या मुलांची शिकवणी घ्यायचो. मुलं गेल्यावर त्यानं खिशातून वजनाची एक रद्द झालेली चिठ्ठी काढली. पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर एकाखाली एक एकांच्या ओळी होत्या.

"सर, एक इचारायचं हुतं. दोन एकांना, म्हंजे अकराला, कशानं भाग जात न्हाय. तीन एकांना सदतीसानं जातोय. चारांना अकरानं. पाचांना एक्केचाळीसानं. सहाला तर कशानंबी जातोय. मग अकरासारखी न फुटणारी पुन्हा कुठं येती का न्हाय?"

मला उत्तर माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला मला जड गेलं. मी म्हणालो, "सात एक कर की. आपोआप कळंल."

महिन्याभरात तो सात एक फोडून आला. दोनशे एकोणचाळीस गुणिले चार हजार सहाशे एकोणपन्नास. आणि त्याबरोबर त्यानं आणखी एक गोष्ट आणली होती.

"सर, पाच एकांचे भाजक एक्केचाळीस आन् दोनशे एकाहत्तर. त्यातनं एक काढला की चाळीस आन् दोनशे सत्तर. दोन्हीला दहानं जातोय. ह्या सातवाल्यांतनं एक काढला की दोन्हीला चौदानं जातोय. पाचाची दुप्पट दहा, साताची दुप्पट चौदा. काय भानगड हाय ही?"

भानगड अशी होती की तो एक जुना सिद्धांत आहे. मी तो एम.एस्सी.ला पाठ केला होता. तो त्यानं काट्याच्या खोलीत बसून आकड्यांकडं बघून ओळखला होता. माझ्या आयुष्यात मला असं काही आपणहून दिसलेलं नाही. मी म्हणालो, "असा नियमच आहे. पुस्तकात असतो." माझ्या आवाजात त्यात विशेष काही नाही असा सूर होता. तो खूश होऊन गेला. नियमच आहे म्हटल्यावर आता प्रत्येक संख्येनं भागून बघायला नको, हे त्यानं लगेच हेरलं. अकरा एकांसाठी बावीस-बावीसची उडी घ्यायची आणि एक मिळवायचा.

कारखान्याचा गळीत हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळा लागताना संपतो. हंगामात काट्यावर गाड्यांची रांग तुटत नाही. हंगाम संपला की काटा गप्प पडतो. कारकुनानं यायचं, बसायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. त्या रिकाम्या महिन्यांत त्यानं अकरा एक फोडले. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास. मी ते तपासलं आणि बरोबर निघालं. पाठ थोपटली की नाही आठवत नाही. बहुतेक नाही.

तो दर महिन्याला यायला लागला. खरं सांगतो, मला त्याचा कंटाळा यायला लागला होता. रविवारी दोन तुकड्या असायच्या. पालक भेटायला यायचे आणि हा पायरीवर बसलेला असायचा, गुडघ्यावर पिशवी, पिशवीत चिठ्ठ्या. पंधरा आणि सोळा एक सहज फुटतात, कारण पंधराला आणि सोळालाच भाग जातो. तेरा एकही घरीच करून आला होता, ते त्रेपन्नानंच फुटतात. मी म्हणालो, "आता सतरा कर. ते झाल्याशिवाय येऊ नको."

मला अंदाज होता. सतरा एकांचा भाजक सापडेपर्यंत, वेळ पडली तर, साडेदहा कोटीपर्यंत जावं लागलं असतं. म्हणजे तो परत येणारच नाही, अशी संख्या मी त्याला दिली होती.

ब्याण्णव सालचा हंगाम संपला तेव्हा त्यानं सुरुवात केली. त्याची पद्धत मला नंतर कळली. चौतीस-चौतीसनं पुढं जायचं आणि एक मिळवायचा. पस्तीस, एकोणसत्तर, एकशे तीन, एकशे सदतीस, असं. त्यातल्या ज्यांना तीन, पाच, सात, अकरा, तेरा यांनी भाग जातो त्या सोडून द्यायच्या. उरलेल्या प्रत्येक संख्येनं सतरा एकांना भागायचं. आधी शेजारी तिचा नऊपर्यंतचा पाढा मांडायचा आणि मग एकेक आकडा खाली उतरवायचा. वरून उतरणारा आकडा दरवेळी एकच, त्यामुळं वर बघायला लागत नाही. पण किती उतरवले ते विसरायला होतं. त्यासाठी त्यानं पत्र्याच्या डबीत सतरा चिंचोके ठेवले होते. एक एक खाली उतरवला की एक चिंचोका डबीतून झाकणात. डबी रिकामी झाली आणि बाकी शून्य नाही आली, की चिंचोके परत डबीत आणि पुढची संख्या. दिवसाला दहा, बारा, पंधरा भागाकार व्हायचे. हंगामात कमी. आधी चिठ्ठ्यांच्या पाठी वापरल्या, त्या संपल्यावर दोनशे पानी वह्या.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास तो शिकवणीच्या दारात उभा राहिला. वर्ग भरलेला होता.

"सर, पावणं आल्यात," पहिल्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला.

तो दारातूनच म्हणाला, "सर, झालं."

"काय झालं?"

"सतरा."

मुलं हसली. त्यांना त्या संख्येची कथा माहीत होती. मीच सांगितली होती. गेली काही वर्षं मी प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी सतरा एक फळ्यावर लिहून दाखवायचो आणि म्हणायचो, याला बहुधा कशानंच भाग जात नाही, आमचा एक माणूस सहा वर्षं डोकं फोडतोय. 'बहुधा' हा शब्द हळूहळू गळून पडला होता. आता तो माणूस दारात उभा होता आणि झालं म्हणत होता.

मी चिठ्ठी घेतली. वर भाजक, खाली भागाकार, शिसपेन्सिलीनं, स्वच्छ अक्षरात. मुलांना म्हटलं, थांबा, आत्ता बघू. टेबलावर फुलस्केप घेतला, दोन्ही संख्या उतरवून घेतल्या आणि गुणाकार केला. सहा ओळींचा गुणाकार. बेरीज केली. सुरुवातीचे आठही आकडे एक आले. नववा आला चार. पुढं आठ, चार, शून्य, दोन, एक, दोन, पाच, एक.

मग मी ताळा घेतला. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येक संख्येतल्या आकड्यांची बेरीज एक आकडा उरेपर्यंत करत जायची. भाजकाची येते चार, भागाकाराची दोन. चार दुणे आठ. माझ्या गुणाकाराच्या आकड्यांची बेरीज पस्तीस, तीन आणि पाच आठ. ताळा जुळला. म्हणजे माझा गुणाकार बरोबर आणि त्याचा भागाकार चूक, असं मी ठरवलं.

मी दोन्ही संख्या आणि खाली उत्तर फळ्यावर लिहिलं आणि उत्तरात आठव्या एकानंतर रेघ मारली. "इथपर्यंत गाडी बरोबर आली होती. पुढं घसरली."

मागून एक मुलगा म्हणाला, "सर, सतरापैकी आठ मिळालेत की! पास करा त्यांना. पस्तीस टक्क्यांच्या वर हाय."

वर्ग हसला. मीही हसलो. तोही हसला, दाराच्या चौकटीला हात लावून.

"सर, मी तीनदा केलतं," तो म्हणाला. "तिन्ही येळंला सतराच्या सतरा एक आलं."

"ताळा जुळलाय की. ताळा जुळल्यावर गुणाकार चुकत नाही."

हे वाक्य खोटं आहे हे मला माहीत होतं. ताळा जुळला नाही तर चूक नक्की असते, पण जुळला म्हणून बरोबर असतंच असं नाही. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तर बेरीज तीच राहते आणि ताळ्याला पत्ता लागत नाही. हे मी दरवर्षी आठवीला शिकवत होतो. त्या दिवशी मी एवढंच करायला हवं होतं, की चिठ्ठी आणि फुलस्केप शेजारी ठेवून आकडे पुन्हा वाचायचे. अर्धं मिनिट लागलं असतं.

पंधरा दिवसांनी तो घरी आला. त्यानं गुणाकार पुन्हा केला होता.

"सर, परत सगळं एकच येतंय."

मी पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "अरे, काय यायला पाहिजे ते तुला आधीच माहीत आहे. मग हात तिकडंच ओढतो. आकडे मनासारखे पडतात."

तो उजवा हात मांडीवर उलटा करून बघत होता.

"म्हंजे माझ्या हातावर भरवसा न्हाय म्हणायचा."

"या बाबतीत, तसंच."

"बरं," तो म्हणाला. "फुडं बघतो. असंल की कुठंतरी."

मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे, की ती चिठ्ठी एखाद्या कॉलेजातल्या प्राध्यापकानं आणली असती तर मी काय केलं असतं. मी गुणाकार दुसऱ्यांदा केला असता. न जमल्यास तिसऱ्यांदा. चिठ्ठीतला आकडा माझ्याकडून चुकीचा उतरला का, हे आधी बघितलं असतं. सातवीत तो दाराजवळून उठून दुसऱ्या बाकावर येऊन बसला, तेव्हा मी जागा करायला सरकलो होतो की पाटी उराशी धरून बसलो होतो, हे मला आठवत नाही. आठवत नाही याचा अर्थ मला कळतो.

दोन हजार दोन साली शिकवणीत कॉम्प्युटर घेतला. माझाच एक जुना विद्यार्थी, इंजिनिअर झालेला, तो जोडून द्यायला आला होता. त्यानं गंमत म्हणून भाजक काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि म्हणाला, "सर, एखादी मोठी संख्या सांगा." माझ्या तोंडातून सवयीनं सतरा एक निघाले. त्यानं बटण दाबलं आणि मी चष्मा पुसेपर्यंत उत्तर आलं.

2071723. 5363222357.

पहिली संख्या मी ओळखली. ती मी फळ्यावर लिहिली होती.

"झालं की सर," मुलगा म्हणाला. "दोनच तुकडे. दोन्ही मूळ संख्या, पुढं फुटत नाहीत."

घरी आल्यावर मी लॉग टेबलचं पुस्तक काढलं. त्यात ती चिठ्ठी आणि माझा फुलस्केप टाचणीनं जोडून ठेवलेले होते. असले कागद मी का ठेवतो, मलाच ठाऊक नाही. चिठ्ठीवर शेवट होता तीन, पाच, सात. माझ्या कागदावर पाच, तीन, सात. तीनशे सत्तावन्नच्या जागी पाचशे सदतीस. गुणाकार मी अगदी बिनचूक केला होता, पण दुसऱ्याच संख्येचा.

येत्या रविवारी गावी जायचं ठरवलं. त्याआधी तोच आला. निवृत्त झाला होता. मोतीबिंदूनं एका डोळ्याला कमी दिसायला लागलं होतं. पिशवीत वहीबरोबर भिंग होतं.

"सर, बत्तीस लाखांच्या फुडं गेलो."

मी 'चहा घेणार का' म्हणालो.

सांगायचं ठरवून बसलेला माणूस चहा विचारतो, तसा मी विचारला. चहा झाला. त्यानं पावसाचं, कारखान्याचं, मुलीच्या नोकरीचं सांगितलं. मुलगी सरकारी दवाखान्यात नर्स होती. मग तो उठला आणि मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेलो.

काय अडलं? सुरुवातीला वाटलं, चार वर्षं फुकट गेली हे त्याला ऐकवायचं कसं. मी ते त्याच्यावरची दया समजत होतो. मग वाटलं, आता हा त्याचा छंदच आहे, आपण सांगितलं तर त्याचे दिवस रिकामे होतील. हेही मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. खरं कारण एवढंच होतं, की मला त्याच्यासमोर ती चिठ्ठी आणि तो फुलस्केप शेजारी ठेवायचे नव्हते.

त्याला काय चाललंय ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. संख्येला दोनच तुकडे आहेत. वीस लाखांचा तुकडा त्यानं खोडून टाकला होता आणि दुसरा पाचशे छत्तीस कोटींचा. मध्ये काहीही नाही. तो जिथं शोधत होता तिथं शोधण्यासारखं काहीच नव्हतं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो येऊन मला सांगायचा की आता छत्तीस लाख, आता अडतीस.

आणखी एक गोष्ट. त्याचा मूळ प्रश्न भाजकाचा नव्हताच. दोन एकांसारखी न फुटणारी पुन्हा कुठं येते, हा त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी कॉम्प्युटर घेतला त्याच वर्षी एका पुस्तकात वाचलं. एकोणीस एक. तीन ते अठरा सगळे फुटतात, एकोणीस एकांना कशानंच भाग जात नाही. म्हणजे सतरा फुटले असं मी त्याला त्या दिवशी वर्गात म्हणालो असतो, तर त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्यापासून दोन पावलांवर होतं. ते हातानं सिद्ध करणं त्याला जमलं नसतं. पण मी ते त्याला एका चहात सांगू शकलो असतो. दोन्ही गोष्टी एका चहात झाल्या असत्या.

एकदा त्यानंच विचारलं. दोन हजार पाच असावं. जिन्यात थांबला आणि म्हणाला, "सर, ते वीस लाखवालं परत एकदा बघता काय? तुमच्या हातानं. माझ्या डोक्यातनं जाईना झालंय ते."

मी म्हणालो, "बघतो."

"न्हाय, सवडीनं बघा. घाई न्हाय."

तो दोन हजार सहामध्ये गेला. हृदयविकारानं, दुपारी, घरातच. त्याच्या पुण्यानुमोदनाला मी गावी गेलो. बुद्धवंदना झाली. मग लोक दोन-दोन शब्द बोलले. मलाही उठवलं, शाळेपासूनचा मित्र आणि गणिताचे सर म्हणून. मी म्हणालो की त्याला गणिताची फार आवड होती. लोकांनी माना हलवल्या. मी खाली बसलो.

निघताना त्याच्या मुलीनं एक पोतं आणि पत्र्याची डबी पुढं केली. "आबा म्हणायचं, माझ्या मागं वह्या सरांस्नी द्या. तेच वाचू शकतील."

पोत्यात एकतीस वह्या होत्या. रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या. अठ्ठ्याण्णव सालच्या वहीत ते पान सापडलं. भागाकार पूर्ण, बाकी शून्य, शून्याभोवती गोल. मग लाल शाईनं आडवी रेघ आणि समासात त्याच्या अक्षरात लिहिलेलं: 'सरांनी तपासले. चूक.' पुढच्या ओळीपासून पुढची संख्या सुरू.

शेवटच्या वहीतला शेवटचा भाजक होता एक्केचाळीस लाख चारशे एक. अक्षर मोठं आणि वेडंवाकडं झालं होतं. भागाकार अर्धा होता. डबी उघडली. मुलीनं ती होती तशीच चिकटपट्टी लावून बंद केली होती. झाकणात अकरा चिंचोके कागदात बांधलेले, डबीत सहा.

पोतं तीन वर्षं माझ्या पलंगाखाली राहिलं.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात मी ते रिक्षात घातलं, एस.टी.त चढवलं आणि तिच्या घरी घेऊन गेलो. ड्युटीवरून नुकतीच आली होती. तिला मी चिठ्ठी आणि फुलस्केप दाखवले आणि काय झालं ते सांगितलं. ती दोन्ही कागद खिडकीशी नेऊन बघत राहिली. औषधाच्या बाटलीवरचं लेबल वाचावं तसं तिनं एकेक आकडा वाचला.

"म्हंजे आबा बरोबर हुतं."

"हो."

"आन् तुमाला कवा कळलं?"

वह्या बघताना, आत्ता, असं म्हणायला माझी जीभ तयार होती. ते तिला खरं वाटलं असतं. मी म्हणालो, "दोन हजार दोनला."

तिनं मनात हिशेब केला. मी तो तिच्या चेहऱ्यावर बघितला.

"डोळ्याचं ऑपरेशन करा म्हणून मी मागं लागलेली. ही वही पुरी हुदे, मग करू म्हणायचं. चार वर्षं हेच." ती थांबली. "ती वही भरायचीच नव्हती म्हणा की."



तिनं पोत्यातून अठ्ठ्याण्णवची वही काढायला सांगितली. ते पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि ड्रेसच्या खिशातलं पेन दिलं. "करा. हितंच करा. माझ्यासमोर."

लाल रेघेखाली जागा कमी होती. मी बारीक अक्षरात गुणाकार मांडला. सहा ओळी. प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचून लिहिला. तीन, पाच, सात. बेरीज उजवीकडून सुरू केली. पहिला आला एक. तिनं डबी उघडली आणि एक चिंचोका झाकणात टाकला. दुसरा एक. दुसरा चिंचोका. हातचे मोजताना मी दोनदा अडलो, ती थांबून राहिली. शेवटचा एक डावीकडं लिहिला तेव्हा डबी रिकामी झाली.

"आता लिवा. सरांनी तपासले. बरोबर."

मी लिहिलं.

"सही करा. तारीख घाला. आजची घाला, त्या दिवसाची नगं."

मी आजची तारीख घातली. तिनं वही घेतली, शाई वाळेपर्यंत उघडी धरली आणि मिटली. मला पाणी दिलं. बसा म्हणाली नाही. मी दारापर्यंत आलो तेव्हा म्हणाली, "मला सांगितलं ते झालं. त्या वर्गातल्या पोरांस्नी कोण सांगणार? त्यांच्यासमोर हसलासा न्हवं?"

ती मुलं आता कुठं कुठं आहेत. कुणी पुण्यात, कुणी परदेशात, एक-दोघं कागलच्या एमआयडीसीत मोठ्या हुद्द्यावर. सगळ्यांचे पत्ते माझ्याकडं नाहीत. त्यांना सांगायला मला इतकी वर्षं लागली, म्हणून हे इथं लिहितो आहे. त्या रविवारी तुम्ही फळ्यावरून जे उतरवून घेतलं असेल, ते चूक होतं. माझ्याकडून तीन आणि पाचाची अदलाबदल झाली होती. दारात उभ्या असलेल्या माणसानं सगळं बरोबर केलं होतं. ज्यानं मागच्या बाकावरून 'सतरापैकी आठ' म्हटलं, त्याचा यात काही दोष नाही. त्याला ते आठ मी दिले होते.

माझ्या मित्राला सतरापैकी सतरा होते.